सैल हातमोजा

त्याचं दार चुकलं आणि सगळं सुरू झालं.

त्याला जायचं होतं इस्पितळाच्या ड्रेसिंगच्या खोलीत. शिरला शेजारच्या शिवणखोलीत. पट्टी बांधलेला उजवा हात त्याने तिथल्या बाईच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "जरा लवकर सोडा हो, भट्टी खोळंबलीय."

"मी शिंपीण आहे," ती म्हणाली. "माझ्या हातात दिलंत तर उसवून ठेवीन."

तो मोकळेपणाने हसला. दाराशी जाऊन पुन्हा वळून बघितलं… आणि चौकटीवर आपटला.

गळ्यात कायम मापाची टेप असायची म्हणून इस्पितळात तिला सगळे टेपबाई म्हणत. भाजलेल्या माणसांसाठी ती ताणाच्या कापडाचे घट्ट कपडे शिवायची. जखम भरली तरी व्रण फुगतो, आखडतो. त्याला दाबून ठेवावं लागतं.

जखम भरल्यावर तो बरोबर दाराने आला. त्याची बेकरी होती; भट्टीच्या झाकणाने त्याच्या हाताची पाठ अंगठ्यापर्यंत भाजली होती. ती माप घेऊ लागली.

"गुदगुल्या होतात," तो म्हणाला.

"व्रणाला गुदगुल्या होत नाहीत."

"व्रणाला नाही हो… मला होतात."

तिने मान वर केली नाही. टेप मात्र दोनदा घसरली.

"एवढं घट्ट कशाला?" त्याने विचारलं.

"कातडीत इलॅस्टिनचे बारीक धागे असतात. ओढलं की ताणतात, सोडलं की जागेवर येतात. शरीर ते लहानपणीच विणून ठेवतं. मोठेपणी भाजलं की कातडी भरते, पण हे धागे काही धड परत येत नाहीत."

"म्हणजे बिघडलेलं पीठ. बोट दाबलं की खड्डा तसाच."

"तसंच. म्हणून ताण कापडाने द्यायचा."

हातमोजा छान बसला. पण थोड्याच दिवसांत तो परत हजर. हातमोजा मनगटाशी लोंबत होता.

"इतक्यात सैल?"

"राबता हात आहे हो माझा."

तिने दुसरा शिवला. तोही सैल पडला. मग तिसरा. तिला नवल वाटायचं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. बोळात पाऊल वाजलं की मशीनवरचा तिचा पाय आपोआप थांबायचा.

घरी वडील खुर्चीत बसून धापा टाकत. जन्मभर सिगारेटी ओढून त्यांच्या फुप्फुसातलं हेच इलॅस्टिन झिजलं होतं. श्वास आत जायचा, बाहेर यायला खळखळ करायचा. तरी चिडवायला पुरायचा.

"आज पुन्हा… पावाचा वास येतोय… तुला."

"गप्प बसा हो बाबा. दम लागेल."

"मला… की तुला?"

मग एक दिवस तिने टेप त्याच्या अंगठ्याच्या बेचकीत धरली आणि ती वाकून बघायला लागली.

"अंगठा उघडा."

"उघडलाय की."

उघडला नव्हता. व्रण दोरीसारखा जाड झाला होता आणि अंगठ्याला आत खेचत होता. हा हात पीठ मळणार कसा?

डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रिया ठरवली. व्रण कापायचा, तिथे इलॅस्टिन असलेली पातळ चादर बसवायची, जनावराच्या कातडीपासून तयार केलेली, आणि वर मांडीची कातडी लावायची. "चादर धरली तर अंगठा सुटेल," त्या म्हणाल्या.

"माझी मापं चुकली," ती म्हणाली. "तीनदा."

"तसं असेल तर चौकशी होईपर्यंत नवं माप घेऊ नकोस."

तिने टेप गळ्यातून काढून खणात ठेवली. रात्री घरी तिने दुसरी टेप काढली. स्वतःचाच हात ती पुन्हा पुन्हा मापत राहिली. चूक सापडेना, आणि त्यामुळे भीती आणखीच वाढली.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तो आला.

"टेप कुठाय?"

"माझ्यामुळे तुमचा हात… म्हणून मला माप घ्यायला मनाई आहे."

तो मटकन स्टुलावर बसला. "तुमच्यामुळे नाही. हातमोजा… मी पावाच्या डब्यावर चढवून ठेवायचो. रोज."

"कशाला?"

"सैल व्हावा म्हणून."

"पण सैल कशाला—" ती थांबली. तो स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

"सैल झाला की इथे यायला मिळायचं."

मग ती अशी काही उसळली की कात्री खाली पडली.

"अक्कल गहाण टाकलीत का? हात आहे तो! इथे यायचं होतं तर यायचं!"

"काय सांगून?"

तिने वाकून कात्री उचलली. डोळे मात्र भरले होते.

"डॉक्टरीणबाईंना सांगून आलोय सगळं," तो म्हणाला. "त्या जे बोलल्या ते तुमच्यासमोर बोलण्यासारखं नाही."

"हात सुधारला तरच तुमच्याशी बोलेन," ती म्हणाली. तो गेला, आणि मग तिच्या मनात आलं. नाही सुधारला तर?

पट्टी उघडायच्या दिवशी ती ड्रेसिंगच्या खोलीच्या दारात उभी राहिली. तिचं तिथे काहीच काम नव्हतं. टेप तिला परत मिळाली होती, तिचं टोक ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. डॉक्टरीणबाई एकेक पदर उचलत होत्या. किती तो वेळ… शेवटचा पदर ओला करून त्यांनी सोडवला, वाकून बघितलं.

"धरलीय," त्या म्हणाल्या. "गुलाबी आहे."

त्याने दाराकडे बघितलं. ती तोंड फिरवून पळाली. चौकटीवर आपटली.

पुढे व्यायाम झाले, अंगठा हळूहळू सुटला, आणि तिने नवा हातमोजा शिवला. मग बरेच दिवस तो आला नाही. रोज बोळात पावलं वाजायची, दुसऱ्याच कुणाची. घट्ट हातमोज्याने आपणच त्याला घालवलं, असं तिला वाटायला लागलं.

एका संध्याकाळी दारावर टकटक झाली.

"सैल झाला?" तिने धास्तावून विचारलं.

त्याने हात पुढे केला. तिने मनगटाशी कापड ओढून सोडलं. टप्पकन जागेवर बसलं. अंगठा पुरता उघडा.

"घट्ट आहे. मग काम काय काढलंत?"

"काहीच काम नाही," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तुम्हाला भेटायला आलोय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग गळ्यातली टेप काढून तिने खुंटीला अडकवली.

"थांब," ती म्हणाली, "मशीनवर झाकण घालते."