पिलाचं वजन

तिच्या प्रयोगशाळेतून फोन आला तेव्हा मी एका दुकानाचा वजनकाटा उघडून बसलो होतो. काटे दुरुस्त करणं हा माझा धंदा. बायको जिन्यात कोसळली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं, एवढंच कळलं. सांगणारी तिची मैत्रीण होती. रडता रडता म्हणाली, "भाऊजी, खिडकीतल्या पिलांना आज कोणी खायला घातलंय का?"

तेव्हासुद्धा पिलंच.

शहरातल्या पिलांच्या अंगात किती शिसं साचतं, ते ती पिसं तपासून काढायची. आमच्या स्वयंपाकघरात, खिडकीच्या आतल्या फळीवर कबुतराचं घरटं होतं. सकाळी आधी त्या पिलांशी बोलायची, मग माझ्याशी. माझा चहा गार व्हायचा. अशाच एका पिलापायी गच्चीवरून पडली होती. मोडलेल्या उजव्या हाताच्या हाडाला टायटॅनियमची पट्टी बसवावी लागली.

दहनानंतर ती पट्टी मला मिळाली. सवयीने तोलली आणि डब्यात घालून कपाटात ठेवली. तिच्यातलं माझ्या वाट्याला एवढंच आलं.

घरट्यात एकच पिलू जगलं. मैत्रीण त्याचं पीस घेऊन गेली. परत आली तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसली.

"शिसं आहे, ते असतंच. पण भाऊजी, यात टायटॅनियम निघालंय. भरपूर. किसून घालताय की काय त्याला?"

ती हसली. मला हसू आलं नाही.

ती गेल्यावर पट्टी तोलली. आधीपेक्षा हलकी भरली. काटा खोटा असेल म्हणून दुसरा काढला, वजनं पारखून घेतली. तेच.

मग पिलू तोललं. मुठीएवढ्या जिवाला नको तेवढं जड.

रोज दोघांना तोलू लागलो. पिलू दाण्याला तोंड लावत नव्हतं, तरी वाढत होतं. पट्टीचं वजन जेवढं घटे, तेवढंच.

डब्याला कुलूप घातलं. उशाशी घेऊन झोपलो. फरक पडला नाही.

"अगं, निदान एवढं तरी माझ्याकडे राहू दे," मी घरट्यापाशी जाऊन म्हणालो.

पिलाने मान वळवली. उजवा पंख अंगाशी घट्ट धरून बसलं होतं. हात बरा झाल्यावरही ती तसाच धरायची.

आज डबा रिकामा आहे.

पिलू फळीच्या टोकाशी आलंय. तोंड बाहेर, पाठ माझ्याकडे.

खिडकी लावायची अजून राहिली आहे.