न आटणारं पिंप

जवळ सरका, मायबाप. देवरामभाऊंची गोष्ट सांगतो, ऐकून मगच उठा.

दिंडोरी रस्त्यावरच्या एका वायनरीत भाऊ तळघर सांभाळायचे. वय साठ, गळ्यात तुळशीची माळ. वाइनचा थेंब कधी जिभेला लावला नाही, पण नाक असं, की नुसत्या वासावरून पिंपाचं वय सांगत. तिथं एका इटालियन द्राक्षाची लाल वाइन ओकच्या पिंपांत तीन वर्षं मुरायची. आधी आंबट चेरीचा वास, मग सुक्या अंजिराचा, शेवटी चामड्याचा नि तंबाखूचा. लाकूडही आपला वाटा पितं, पिंप आटतं. म्हणून दर सोमवारी भाऊ अभंग गुणगुणत तूट भरून काढायचे.

तिसऱ्या वर्षी सातवं पिंप आटेना.

वाइन करणाऱ्या योगिनीताईंनी चाखून पाहिली. "भाऊ, ही तर कालची पोर! नवी वाइन ओतलीत यात?"

"ताई, माळकरी माणूस मी. भेसळ करीन व्हय?"

"मग काय, म्हातारी तरणी झाली? आठ दिवसांनी मालक येताहेत. काय सांगू त्यांना?"

"नोकरी गेली तर जाऊ द्या, नाव राह्यलं पायजे. बुचावर लाख लावा, तळघराची किल्ली तुमच्यापाशी ठेवा." भाऊ हसले. "पांडुरंग साक्षीला हाय."

आठव्या दिवशी भर दुपारी मालकांनी लाख तपासली. शाबूत होती. फोडली. पिंप काठोकाठ भरलेलं. वास नुकत्या तोडलेल्या द्राक्षांचा. आत रस खदखदत होता, पहिल्या आठवड्यात आंबताना खदखदतो तसा.

"देवराम, तुझा दोष नाही," मालक म्हणाले.

भाऊंनी माळेला हात लावला, नि पातळी दाखवायला बोट आत बुडवलं. "बघा मालक, पेरभरबी रिकामं नाय."

बोट बाहेर आलं.

योगिनीताई मागे सरल्या.

त्या राठ पंजावर एक बोट तान्ह्या बाळाचं होतं. गुबगुबीत, गुलाबी. नख तांदळाच्या कणीएवढं.

पिंप कायमचं बंद केलं. भाऊंवरचा डाग पुसला.

नागपंचमीपर्यंत मनगट कोवळं झालं. दिवाळीला कोपर. मग खांदा, मान.

परवा बायकोनं, मंगलाबाईंनी, ताट वाढलं. भाऊंनी अदबीनं विचारलं, "बाई, तुम्ही कुणाच्या?"

तेव्हा मायबाप, देवापुढे बसाल तेव्हा देवरामभाऊंची आठवण ठेवा. त्यांचं नाव आता त्यांनाच सांगावं लागतं.