अकरावं सॉकेट

अकराव्या सॉकेटचा हिरवा दिवा रोज सकाळी आठ बावन्नला एकदाच लुकलुकायचा. अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ. विद्यापीठाच्या नेटवर्कच्या कपाटातल्या बाकीच्या सत्तेचाळीस सॉकेटांत तारा होत्या. अकराव्यात नव्हती.

"धूळ असेल मॅडम," तारा जोडणारे तारकाका तिला म्हणायचे. "पण वेळेची पक्की धूळ."

अकराव्यातली, सरांच्या टेबलाकडे जाणारी तार त्यांनीच दोन वर्षांपूर्वी काढली होती, सर वारले त्या आठवड्यात. सर म्हणजे तिच्या आधीचे संगणक विभागाचे प्रमुख. सकाळी आठ बावन्नला आले की खांद्यावरची पिशवी उतरवण्याआधी ते आपल्या टेबलावरून मुख्य सर्व्हरला एकच हाक द्यायचे: आहेस का? उत्तर आलं की मगच चहा. त्यासाठी फायरवॉलमध्ये, म्हणजे जाळ्यात कोणाला येऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या यंत्रात, त्यांनी एक नियम लिहून ठेवला होता. प्रत्येक नियमाशेजारी तो कोणी आणि का मागितला हे लिहायचं, ही त्यांचीच शिस्त. या नियमाशेजारी मात्र एवढंच होतं: 'काढण्याआधी विचारा.'

आता ती फायरवॉल थकली होती. सोमवारी नऊ हजार मुलांची परीक्षा, आणि विद्यापीठाच्या जाळ्याचा दरवाजा ऐन वेळी अडकला तर वर्ष मुलांचं जाणार होतं. चाचणीसाठी दोन नव्या फायरवॉल आल्या होत्या. पहिली जुने नियम जसेच्या तसे उचलायची. दुसरी कोरी, सांगितल्याशिवाय कोणालाही आत न घेणारी. तिला दुसरीच हवी होती. कोऱ्या पाटीवर अकरावं सॉकेट नसेल, हे कारण तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

तिने दुसरी जोडली. दुसऱ्या दिवशी तिच्या कोऱ्या यादीत सरांचाच नियम पहिला होता. शेजारी तीच ओळ.

पासवर्ड फक्त तिच्याकडे होता. तिने नियम पुसला. सकाळी तो परत होता. पुन्हा पुसला, पुन्हा आला. सहा दिवस हेच चाललं, आणि सहा दिवस ती कुलसचिवांना "उद्या सांगते" म्हणत राहिली.

शुक्रवारी साडेअकराला कुलसचिवांचा फोन आला. "मॅडम, आज तरी? की मुलांना पाटी-पेन्सिल वाटू?"

"दोन मिनिटं धरा."

तिने फोन टेबलावर ठेवला. खिडकीतून भरपूर ऊन आत आलं होतं. तारकाका शिडीवर होते, तोंडात पक्कड.

ती ओळ तिने पुन्हा वाचली. इतके दिवस ती नियम काढत होती, पण विचारलं एकदाही नव्हतं.

स्वतःचीच लाज वाटत, हळू आवाजात ती म्हणाली, "सर, काढू का?"

दिवा विझलेलाच.

"मग राहू दे?"

अकरावं सॉकेट एकदा लुकलुकलं.

घड्याळात अकरा चौतीस झाले होते.

तारकाकांनी तोंडातली पक्कड काढली. शिडीवरूनच ते सॉकेटकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सरांच्या वेळी परीक्षेत जाळं कधी बंद पडलं नव्हतं, मॅडम."

"नव्हतं," ती म्हणाली. सहा दिवस आवळलेले खांदे आपोआप सैल झाले. नियमाशेजारच्या 'कोणी मागितला' या रकान्यात तिने सरांचं नाव टाइप केलं. आजची तारीख आधीच भरलेली होती.

तिने फोन उचलला.

"दुसरी घेतोय," ती म्हणाली. "आणि तिच्यातला पहिला नियम कोणी काढायचा नाही."