सहा नंबरचं पोर्ट

कुणी हसलं तरी चालेल. हे माझ्यासमोर घडलंय, आणि ज्याच्याबरोबर घडलं तो माझा सख्खा मोठा भाऊ आहे.

मागच्या वर्षातला शेवटचा रविवार. दुपारचे बारा. बाहेर लख्ख ऊन.

दादा आणि मी ऑफिसांमध्ये नेटवर्कची कामं घेतो. त्या दिवशी एका जुन्या तीन मजली इमारतीत वायरी बदलायच्या होत्या. दादा तिसऱ्या मजल्याच्या टोकाला, नऊ नंबरच्या खोलीत. मी तळमजल्यावर, स्विचच्या कपाटाशेजारी लॅपटॉप घेऊन. बाकी इमारतीत चिटपाखरू नव्हतं.

स्विच म्हणजे सगळ्या खोल्यांच्या वायरी जिथे येतात तो डबा. प्रत्येक वायर खोचायला त्यात एक भोक असतं, ते पोर्ट. प्रत्येक मशीनला स्वतःचा एक पत्ता असतो. मशीन काही बोललं, की स्विच आपल्या यादीत लिहितो... हा पत्ता या पोर्टवर. ते पाच मिनिटं गप्प राहिलं, की पुसून टाकतो.

तो मनाने काही लिहीत नाही. आधी कुणीतरी बोलावं लागतं.

दादाची एक शिस्त आहे. खोलीचा नंबर तोच पोर्टचा नंबर. आणि प्रत्येक मशीनचा पत्ता डायरीत, वापरणाऱ्याच्या नावासकट.

वरच्या खोल्यांमधली मशीन आदल्या दिवशीच काढली होती. यादीत फक्त माझ्या लॅपटॉपचा पत्ता हवा होता.

दोन होते.

दुसरा तीन नंबरच्या पोर्टवर. त्या पोर्टचा दिवा मात्र विझलेला, म्हणजे वायरीला पलीकडे काहीच जोडलेलं नव्हतं...

मी डायरी काढली. शेवटची अक्षरं जुळवली. सात, सी, शून्य, नऊ.

समोर दादाचं अक्षर होतं. "ऑपरेटरबाईंचा फोन. भंगारात दिला."

ऑपरेटरबाई त्याच इमारतीत बावीस वर्षं फोन जोडून द्यायच्या. सहा महिन्यांपूर्वी खुर्चीतच गेल्या, कानाला फोन लावलेला असताना. तो फोनही याच स्विचवर चालायचा. दादानेच तो काढून नेला होता.

मी दादाला मोबाईलवर सांगितलं. तो हसला.

"ए चिमणे, डोकं ठिकाणावर आहे का? जुनं काहीतरी राहिलं असेल. यादी साफ कर."

मी साफ केली. यादी कोरी झाली.

मग... चार नंबर.

पुन्हा साफ केली.

पाच नंबर.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तीन, चार, पाच. ते दादाच्या मजल्यावरून चालत होतं. एकेक दार ओलांडत.

आणि पुढे नऊ नंबरमध्ये माझा दादा एकटा होता.

माझी पाचावर धारण बसली. त्या घाईत मला एकच सुचलं. स्विचला बजावता येतं, की हा पत्ता याच पोर्टवर ठेव, पुसू नकोस, दुसरीकडे लिहू नकोस. सहा नंबर म्हणजे रेकॉर्ड रूम. रिकामी, बाहेरून कुलूप. मी तो पत्ता सहाला बांधून टाकला.

एक मिनिट... दोन मिनिटं... हलला नाही.

मी सुटकेचा श्वास टाकला आणि दादाला फोन केला. "दादा, मी त्याला सहामध्ये अडकवलंय."

"सहा? अगं, नऊची वायर तुटलेली निघाली. म्हणून सहाची ओढून मी इकडे घेतली. सांगायचं राहिलं बघ. हा आत्ता लॅपटॉप लावतोय."

माझ्यासमोर सहाचा दिवा लागला.

"दादा, काढ! आधी काढ ते!"

तो अगदी हळू आवाजात म्हणाला...

"चिमणे, तू वर आलीस का?"

मी तीन मजले कशी चढले मला आठवत नाही. दादा भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्याचे हात बर्फासारखे गार.

"एक बाई विचारत होत्या," तो म्हणाला. "कुणाला जोडून देऊ?"

मी तो हुकूम तेव्हाच रद्द केला. काही उपयोग झाला नाही. त्यानंतर दादा कुठेही लॅपटॉप लावो, त्याच्या पोर्टवर दोन पत्ते दिसायचे. एक त्याचा, एक तो. दादा वाळत गेला. झोप उडाली. डॉक्टरांना काही सापडेना. मी रोज रडायचे, कारण ते त्याच्या गळ्यात मीच बांधलं होतं. तो उलट माझीच समजूत घालायचा.

गेल्या मंगळवारी आमच्या दुकानातल्या स्विचची यादी उघडली. दादाच्या पोर्टवर एकच पत्ता.

पाच मिनिटं थांबले. दहा मिनिटं थांबले. एकच.

धावत आतल्या खोलीत गेले. दादा म्हणाला, "काय गं, आज फार हलकं वाटतंय. रात्रभर गाढ झोपलो."

मी त्याला मिठी मारली. आनंदाने हसूच आवरेना.

परत येऊन बसले, तेव्हा यादी तशीच उघडी होती. दादाच्या पोर्टखाली माझं पोर्ट येतं. तिथे एक पत्ता आहे की दोन, ते बघायला यादी थोडी खाली सरकवावी लागते.

मी सरकवली नाही. लॅपटॉप बंद केला. तो अजून बंदच आहे.

आणि दादाला मी यातलं काही सांगितलेलं नाही.