यतीनचा डावा हात

माणसं चालताना हात कसे हलवतात हे मोजण्याचा आश्लेषाला पगार मिळत असे. पुण्यातल्या मावशीला हे फोनवर सांगितलं, तेव्हा मावशीने "आणि खरी नोकरी?" असं विचारलं होतं.

बर्मिंगहॅममधल्या तिच्या लॅबमध्ये माणसं मनगटांना चमकते ठिपके लावून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत, आणि पडद्यावर दोन लाटा उमटत. हा पुढे, तो मागे. कोणी शिकवलेलं नसतं, कोणी हुकूम दिलेला नसतो... तरी हात आपले निघतात पायांच्या सोबतीला! इतकी वर्षं पाहूनही दर वेळी तिचा श्वास क्षणभर थांबे. रिपोर्टात अर्थातच हे लिहिता येत नाही.

त्या पावसाळी गुरुवारी ठरलेला व्हॉलंटियर आलाच नाही.

"आता माणूस कुठून पैदा करू?" ती कॉम्प्युटरवर चरफडली.

"मी चालेन का?"

दारात एक उंच, निथळता तरुण उभा होता. "ॲक्च्युअली मी लू... म्हणजे टॉयलेट शोधत होतो," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

तो यतीन. जन्म इथलाच. त्याची मराठी घरात ऐकून आलेली, त्यामुळे तिच्यात 'तुम्ही' नव्हतंच. तो पहिल्यापासून 'तू' म्हणाला आणि आश्लेषाने, स्वतःलाच नवल वाटावं इतक्या सहज, ते ऐकून घेतलं.

"नेहमीसारखा चाल," तिने ठिपके लावत सांगितलं.

"तू बघत असताना? इम्पॉसिबल."

"मी फक्त हात बघते."

"ओह... फक्त हात?"

तिचे कान तापले. तेवढ्यात पडद्यावर उजव्या हाताची लाट उसळली आणि डाव्याची... सरळ रेघ.

कान गार पडले. एकच हात हलेनासा होणं ही कंपवाताची पहिली खूण असू शकते, हे तिला ठाऊक होतं. पण ते सांगायचं काम डॉक्टरांचं, आणि लॅबचे डॉक्टर सोमवारी येणार होते. तिने त्याला पुन्हा चालवलं. पुन्हा रेघ.

"सोमवारी येशील? डॉक्टरांना तुझं चालणं दाखवायचंय."

"इतका ब्यूटिफुल चालतो मी?"

"हो," ती म्हणाली. नजर मात्र रेघेवरच होती.

"मग आज कॉफी?"

नाही म्हणायला हवं होतं. ती छत्री घेऊन निघाली.

कॅनॉलच्या काठाने जाताना ती मुद्दाम त्याच्या डावीकडून चालली. हात तसाच, गप्प. मग एक ओली, घसरडी पायरी आली—आणि तो हात आपणहून हलला. कोपर वाकलं आणि तिच्यासमोर येऊन थांबलं, कोणी अदबीने दार उघडून धरावं तसं.

"सॉरी!" यतीन दचकला. "हॅबिट. बाबा..."

बाबा म्हणजे डॉक्टर पुरुषोत्तम. जन्मभर लोकांचे डोळे तपासले, शेवटी स्वतःचेच गेले. रोज संध्याकाळी यतीन त्यांना इथेच फिरायला आणी, आणि ते त्याचं डावं कोपर धरत.

"मी हात हलवला की ओरडायचे, 'अरे, मला झोके नकोत!'" तो हसला. "लास्ट विंटरला गेले. पण माझा हात... त्याला अजून कोणी सांगितलं नाहीये."

आश्लेषा जागच्या जागी उभी राहिली. एका माणसाला धक्का लागू नये म्हणून वर्षानुवर्षं स्थिर राहिलेला हात... माणूस गेला, तरी त्याची जागा धरून बसलेला! आणि तिने त्याला नुसती रेघ म्हटलं होतं.

मग तिने त्याला सगळं सांगून टाकलं. रेघ, कंपवात, आपली भीती.

त्याने डावा हात उचलून उलटसुलट पाहिला. "मग बाबांमुळे असेल ना?"

"असेल. पण 'असेल'वर मी नाही विसंबणार. सोमवारी यायचंच."

"आणि सोमवारपर्यंत... तू असशील सोबत?"

तिने त्याचं कोपर धरलं.

सोमवारी डॉक्टरांनी त्याला ठोकून, वाकवून, बोटं नाचवायला लावून पाहिलं आणि ठणठणीत असल्याचं, हात नुसता सवयीने थांबल्याचं आणि काही महिन्यांत सुटेल असं जाहीर केलं. आश्लेषा बाहेर जाऊन रडून आली आणि सर्दी झाल्याचं सांगितलं.

उन्हाळ्यात नियमाप्रमाणे फेरमोजणी झाली. उजव्या हाताची लाट झकास. डाव्याची रेघ, जशीच्या तशी.

"हा हात अजून सुटला नाही?" डॉक्टर गोंधळले. "आता काय कारण?"

"आता मी," असं म्हणून आश्लेषाने पर्स खांद्याला लावली आणि त्याच्या डावीकडे जाऊन उभी राहिली.