मोरपंखी खिशाची पिशवी

"अगं हळू! पिशवी शिवतेस की शर्यत लावलीस?" टिकली ओरडली.

पण इंजिन कसली थांबते! तिचे पाय मशीनच्या पायडलवर धाडधाड चालले होते आणि सुईखालून लाल, पिवळं, हिरवं कापड सुसाट पळत होतं. कट्! दोरा तुटला.

"पाचव्यांदा!" शेपटानं मोजलं.

शेपूट म्हणजे टिकलीचा धाकटा भाऊ. सतत तिच्या मागे मागे, म्हणून शेपूट. दोघं सुट्टीत आत्याकडे आले होते. आत्याचं कपडे शिवायचं दुकान होतं, आणि इंजिन ही आत्याची लेक. सावकाश हा शब्दच तिला ठाऊक नव्हता.

दुकानाच्या मागच्या खोलीत तिघांचं गुपित चाललं होतं. काज-बटणं करणाऱ्या काजमावशींच्या पिशवीचा बंद तुटला होता. बिचाऱ्या डबा काखेत धरून यायच्या. म्हणून ही रंगीबेरंगी पिशवी! कापायच्या टेबलाखाली चिंध्यांचं पोतं असे. "त्यातलं हवं ते घ्या," असं आत्यानं सांगितलं होतं. काल त्यात दोन मोरपंखी तुकडे मिळाले. जाड, मऊ, एकसारखे. पिशवीवर ते खिशासारखे काय शोभून दिसत होते!

इतक्यात पुढच्या खोलीतून कटिंगमास्तरांचा चढा आवाज आला.

"मी कोटाचा गठ्ठा यांच्याच हातात दिला होता! खिशांची झाकणं यांनीच हरवली!"

तिघांनी दाराच्या फटीतून डोकावलं. समोर बिनझाकणांच्या खिशांचा एक कोट टांगलेला होता. मोरपंखी रंगाचा!

"गिऱ्हाईक पाचला येणार," आत्या कपाळ चोळत म्हणाली, "आणि त्या कापडाची बोटभर पट्टीसुद्धा शिल्लक नाही."

"गठ्ठ्यात झाकणं नव्हतीच हो," काजमावशी हळूच म्हणाल्या. "असती तर काजं केलीच असती ना मी?"

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढून मावशींनी ते सुयांच्या डबीत ठेवलं आणि डबी बंद केली. "माझ्यावर विश्वास नसेल तर मी निघते."

टिकली मशीनकडे धावली. तिनं पिशवी उलटी केली, खिशाची कड वर उचलली. आत पांढऱ्या खडूनं आकडा घातला होता. एक. दुसऱ्यावर दोन!

"चिंधीवर कुणी आकडे घालतं का?" ती पुटपुटली. "हीच ती झाकणं!"

"मेलो!" इंजिन म्हणाली. "लपव! आई आपल्यालाच शिवून काढेल!"

क्षणभर टिकलीलाही तेच वाटलं. पण मावशी चपला घालत होत्या. ती पिशवी घेऊन सरळ बाहेर गेली.

"आत्या, झाकणं इथे आहेत. आम्हाला ती पोत्यात मिळाली."

"बघा!" मास्तरांनी टेबलावर हात आपटला. "पोरांनी टेबलावरून उचलली आणि आता पोत्याचं नाव! तीस वर्षं कात्री चालवतोय मी. कापलेला भाग चिंध्यांत जाईलच कसा?"

"आम्ही टेबलाला हातसुद्धा लावला नाही!" टिकली पुढे होत म्हणाली.

आत्या एकदा मास्तरांकडे, एकदा मुलांकडे बघत राहिली. मास्तर मात्र फुरफुरत पुन्हा कापायला लागले. टेबलावर कापडांचा नुसता ढीग! दुकानाचा फोन कुठेतरी त्याच्याच खाली, आणि टेबलाच्या कडेला तोंड उघडं टाकलेलं पोतं. टिकलीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फोन वाजला की मास्तर काय करतात, हे तिनं आठवडाभर पाहिलं होतं!

ती शेपटाच्या कानाशी लागली. शेपूट आत्याचा मोबाइल घेऊन मागच्या खोलीत पळाला.

ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग!

"आता कोण कडमडलं?" मास्तरांनी न बघताच हाताच्या कोपरानं अर्धा ढीग बाजूला सारला. धप्प! सगळं पोत्यात. "हॅलो! कोण बोलतंय?"

"मी शेपूट बोलतोय! काका, पोत्यात बघा!"

इंजिननं पोतं सरळ जमिनीवर उपडं केलं. चिंध्यांतून बाहेर पडले टेप, खडू आणि आताच कापलेल्या कॉलरचे दोन भाग!

मास्तरांनी कॉलर उचलली, उलटसुलट पाहिली आणि ते मटकन स्टुलावर बसले. मग उठून काजमावशींसमोर गेले.

"ताई, चूक माझी. उगाच तुमच्यावर आळ घेतला. माफ करा." मुलांकडे वळून ते म्हणाले, "तुमचीही माफी मागतो रे."

मावशींनी डोळे टिपले आणि डबीतून अंगुस्तान काढलं. "ते राहू द्या आता. चार वाजलेत! आधी झाकणं उसवा."

मग काय धांदल! टिकली नि इंजिन एकेक टाका उसवायला बसल्या. आणि नवल म्हणजे, इंजिन चक्क सावकाश काम करत होती! जीभ दातात धरून, श्वास रोखून. मास्तरांनी वाफेची इस्त्री फिरवली, तशी सुईची भोकं बुजली. मावशींनी काजं केली, आत्यानं झाकणं कोटाला जोडली. पाचला गिऱ्हाईक बाई आल्या, कोट घालून आरशासमोर दोन गिरक्या घेतल्या आणि खुशीत निघून गेल्या.

पिशवीचा पुढचा भाग मात्र आता बोडका दिसत होता. आत्यानं कपाटातून जांभळं कापड काढलं. मास्तरांनी त्याचा झकास खिसा कापून दिला. इंजिननं तो जोडला. या वेळी दोरा तुटला नाही!

"खरं सांगायला धीर लागतो," आत्या टिकलीला जवळ घेत म्हणाली. "तुम्ही नसता, तर आज मी लाखमोलाचं माणूस गमावलं असतं."

"आणि मी हट्टानं चुकीचाच राहिलो असतो," मास्तर म्हणाले. "पोरं मोठी चलाख हो!"

पिशवी हातात आली, तेव्हा काजमावशींनी ती मांडीवर पसरली. सवयीनं त्या शिवणीवरून बोट फिरवू लागल्या. एका जागी बोट थांबलं. तिथे शिवण नागमोडी झाली होती.

"मावशी, द्या! उसवून सरळ करते!" इंजिन घाईघाईनं पुढे झाली.

मावशींनी पिशवी छातीशी घट्ट धरली.

"खबरदार हात लावशील तर! जन्मभर लोकांच्या शिवणी सरळ करत आले मी. ही मला अशीच हवीय."