बारा अंशांवरचे मासे

सकाळी सातला मत्स्यपैदास केंद्रातले कामगार टेकराम नेगी हौदांत खाद्य टाकत निघाले, की केंद्रप्रमुख डॉ. मंजिरी कोठावळे चहाचा कप हातात घेऊन त्यांच्या मागे फिरायची. शेजारून बिजेर नदी वाहत होती, सतरा अंशांची. पहाडातल्या नदीला हा तापच म्हणायचा. हौदांत मात्र तेच पाणी बारा अंशांवर असायचं, कारण आत शिरण्याआधी ते शीतजाळीतून जायचं. उन्हावर चालणारी ही जाळी पाण्यातली उष्णता शोषून बाहेर हवेत सोडून द्यायची. जाळ्या बसल्यापासून सहा वर्षांत या केंद्रात ट्राउटचं, म्हणजे थंड पाण्यातल्या त्या माशाचं, एकही पिल्लू रोगानं मेलं नव्हतं. मंजिरीला त्याचा अभिमान होता, आणि तो तिनं कधी लपवलाही नव्हता.

मग चार नंबरच्या हौदाची जाळी बिघडली. सुटा भाग यायला महिना लागणार होता. तोवर त्या हौदात नदीचं पाणी तसंच सोडलं.

चौथ्या आठवड्यात मासे काळे पडले. डोळे बटबटीत, पोटं फुगलेली. पाणी पडतं त्या तोंडाशी ते धापा टाकत गोळा व्हायचे आणि संध्याकाळपर्यंत उलटे तरंगायचे. मंजिरीनं एक मासा चिरला. एरवी पाठीच्या कण्याला चिकटून असणारी काळपट लाल पट्टी, म्हणजे मूत्रपिंड, सुजून राखाडी, गाठाळ झालं होतं.

"मूत्रपिंडातला परजीवी आहे," ती म्हणाली.

"चार नंबरमध्येच शिरला म्हणायचा," नेगी म्हणाले. दोघं बोलायची हिंदीत, पण नेगींच्या हिंदीत पहाड असायचा.

मंजिरीनं तीन नंबरमधला एक धडधाकट मासा उचलला. नेगींनी तोंड फिरवलं. जिवंत मासा चिरताना त्यांना बघवत नसे. सूक्ष्मदर्शकाखाली तोच परजीवी दिसला. दोन नंबरमध्येही. एक नंबरमध्येही.

"पण हे तर मजेत आहेत!"

"बारा अंशांवर दोघांचं जमतं, नेगीजी. तो आत गप्प राहतो, मासाही सहन करतो. पंधराच्या वर पाणी गेलं की तो माजतो, आणि त्याच्याशी झुंजता झुंजता माशाचं स्वतःचंच मूत्रपिंड निकामी होतं. आपण रोग घालवला नव्हता. नुसता गारठवून ठेवला होता."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तसं सहा वर्षं चाललं होतं. स्वतःच्याच शहाणपणाचा तिला संताप आला.

"पण हा येतो कुठून?" नेगींनी विचारलं.

मंजिरीनं हौदाच्या तळातला एक दगड उचलला. त्यावर शेवाळासारखं दिसणारं, तपकिरी, फांद्याफांद्यांचं काहीतरी चिकटलं होतं. "हे शेवाळ नाही. बारीक प्राण्यांची वसाहत आहे. परजीवीचं खरं घर हे. इथं तो वाढतो, मग पाण्यातून माशाच्या कल्ल्यांत शिरतो."

नेगींनी तो दगड तिच्या हातातून घेतला.

दर वैशाखात ते पिल्लांचे डबे पाठीवर बांधून वरच्या तळ्यात सोडायला जायचे. नदी त्या तळ्यातूनच निघते. दर थंडीत केंद्राला अंडी मिळतात तीही तिथल्याच जुन्या माशांची. चढणीवर डबे हिंदकळून पिल्लं बिथरायची, मरायची. म्हणून नेगी प्रत्येक डब्यात हौदातला एकेक असा केसाळ दगड ठेवू लागले. नव्या घरी जाताना पोरीजवळ माहेरचं काहीतरी असावं, असं त्यांचं म्हणणं. पिल्लं दगडाआड दडून बसायची आणि सुखरूप पोचायची. मग दगडही तळ्यातच सोडायचे.

मंजिरी या युक्तीवर इतकी खूश झाली होती, की 'नेगीजींचा दगड' असं नाव देऊन तिनं ती मार्गदर्शिकेत छापली. मार्गदर्शिका अशाच इतर अकरा केंद्रांना गेली होती.

"मी नेले," नेगी हळूच म्हणाले. "सहा वर्षं. माझ्या हातानं."

"छापलं मी," ती म्हणाली. तिला रडू आवरेना.

तळ्यातल्या तापमापकाचा आकडा तिच्या फोनवर यायचा. साडेचौदा, आणि दर वर्षी थोडा वर. केंद्रातले हौद घासता येतील, दगड जाळता येतील. तळं कसं घासणार? आणि तळ्याचं पाणी उतरून पुन्हा इथंच येणार.

तिनं अकराही केंद्रांना निरोप धाडला: दगड टाकणं ताबडतोब थांबवा, आहेत ते मासे बाहेर सोडू नका. खाली आपली चूकही कबूल केली.

पहिलं उत्तर तासाभरात आलं, पलीकडच्या खोऱ्यातलं केंद्र चालवणाऱ्या रिंचेनबाईंचं. मंजिरीनं ते मोठ्यानं वाचलं.

"मॅडम, दगड टाकायला लागल्यापासून आमचं एकही पिल्लू वाटेत मेलेलं नाही. तळ्यातले मासे ठणठणीत आहेत, पाणीही छान तेरावर आहे. मग थांबवायचं कशासाठी?"

नेगी मेलेले मासे टोपलीत भरत होते. हात न थांबवता त्यांनी विचारलं,

"मॅडमजी, आपलं तळं शेवटचं तेरावर कधी होतं?"